नवा माईक घेण्याआधी हे करून बघा: घरच्या रेकॉर्डिंगमध्ये माईक लावताना होणाऱ्या हमखास चुका

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या गोष्टी वाचून रेकॉर्ड करतात, घरी दहा बाय दहाची बेडरूम आहे, भिंतीला टेबल लावलंय, टेबलावर छोटा स्टँड, त्यावर एटी२०२० हा कंडेन्सर माईक, खाली स्कार्लेट सोलो (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा, म्हणजे इंटरफेस) आणि लॅपटॉप, समोरच्या भिंतीवर एक इंची फोमचे चौकोन चिकटवलेत. एवढं करूनही आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, मागे बारीक घुंऽऽ चालू असतं, आणि प-फ-ब-भ आलं की धप्प धप्प होतं. वडील पेटीवर अभंग म्हणतात, तेही याच माईकवर घ्यायचेत. आणि शेवटी विचारलंय की एसएम७बी हा डायनॅमिक माईक घेतला तर हे सगळं सुटेल का.

नाही सुटणार. ताई, पैसे खर्च करू नका, निदान आत्ता तरी. मी आवाजाच्या रेकॉर्डिंगचंच काम करतो, लोकांच्या घरी जाऊन सेटअप लावून देणं हाही त्याचाच भाग, आणि ज्या घरी "माईक खराब आहे" म्हणून बोलावणं येतं तिथे बहुतेक वेळा माईक चांगला असतो, तो ठेवलेला चुकीच्या जागी असतो. एटी२०२० नीट लावला तर त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं रेकॉर्ड करता येतात. तेव्हा एकेक करून बघू, आणि ज्याचा फरक सगळ्यात जास्त पडतो तिथून सुरुवात करतो.

अंतर. तुम्ही लिहिलंय की माईक लॅपटॉपच्या मागे ठेवलाय, म्हणजे तोंडापासून निदान दीड फूट तरी असणार. आता बघा काय होतं, माईक आणि तोंड यांच्यातलं अंतर दुप्पट केलं की तुमचा थेट आवाज ६ डीबीने खाली येतो, चौपट केलं की १२ डीबीने. पण खोलीत भिंतींवर आपटून फिरणारा आवाज मात्र सगळीकडे जवळपास सारखाच असतो, तो काही कमी होत नाही. मग मीटर हलत नाही म्हणून आपण गेनचं, म्हणजे माईकचा आवाज वाढवायचं, बटण फिरवतो आणि त्या १२ डीबीसोबत खोली, फॅन, रस्ता, शेजारचा कुकर सगळं १२ डीबीने वर उचलतो. डब्यातला आवाज म्हणतात तो हाच, त्यात माईकचा काही दोष नाही.

म्हणून एक वीत. अंगठ्याचं टोक ओठाला लावा, करंगळीचं टोक माईकच्या जाळीला, बस. वाचनासाठी हे अंतर जवळजवळ कायम बरोबर पडतं. खोली फारच घुमत असेल तर थोडं कमी करा, पण चार बोटांच्या आत गेलात की दुसरा त्रास सुरू होतो, मुख्यतः एकाच दिशेने ऐकणाऱ्या माईकमध्ये जवळ गेलं की खालचा आवाज फुगतो, त्याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. रेडिओवाले तो मुद्दाम वापरतात, आणि दोन मिनिटांच्या जाहिरातीला छान वाटतो, पण तासभर गोष्ट ऐकणाऱ्याला तो फुगलेला आवाज जड होतो, शिवाय तुम्ही वाचता वाचता एक-दोन इंच मागेपुढे झालात की प्रत्येक वाक्याचा पोत वेगळा येतो. मी स्टँडला वीतभर लांबीचा दोरा बांधून ठेवायला सांगतो, दर परिच्छेदाला दोरा ओठाला लावून बघायचा आणि पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी राहिलेला भाग जोडायचा असतो तेव्हा या दोऱ्याची खरी किंमत कळते.

आता "कंडेन्सर माईक खोलीचा आवाज जास्त ओढतो, डायनॅमिक ओढत नाही" हे जे सगळीकडे सांगतात त्याबद्दल. (कंडेन्सर म्हणजे बाहेरून वीज द्यावी लागते तो माईक, डायनॅमिक म्हणजे विजेशिवाय चालतो तो.) कंडेन्सरचं आउटपुट जास्त असतं हे खरं, एटी२०२०ची सेन्सिटिव्हिटी उणे ३७ डीबी आहे आणि एसएम७बीची उणे ५९, म्हणजे २२ डीबीचा फरक. पण दोन्ही माईक एकाच जागी, एकाच अंतरावर ठेवा, तुमचा आवाज दोन्हीकडे सारख्या लेव्हलला आणा आणि मग ऐका, खोली दोन्हीत जवळजवळ तेवढीच असते. डायनॅमिकवाला लोकांना स्वच्छ वाटतो कारण तो ओठाला चिकटवून वापरला जातो. तोच माईक दीड फुटावर ठेवला तर तोही डबाच. उलट एसएम७बीला साध्या बोलण्यासाठी ६० डीबीच्या आसपास गेन लागतो, बऱ्याच छोट्या इंटरफेसचा गेन त्याच्या आधीच संपतो, मग वर आणखी पंचवीसेक डीबी देणारा वेगळा बूस्टर घ्या, म्हणजे खर्च अजून वाढला. माईक उत्तम आहे, पण तुमच्या अडचणीवरचा उपाय तो नाही.

दुसरी गोष्ट विचारायला संकोच वाटतो पण विचारतोच, माईकची पुढची बाजू कुठली ते बघितलंय ना? एटी२०२० बाजूने ऐकतो, टोकाने नाही. कंपनीचं चिन्ह आहे ती पुढची बाजू, ती तोंडाकडे पाहिजे. रोड (Røde) कंपनीच्या अशा माईकवर सोनेरी ठिपका असतो, तो तोंडाकडे. स्टेजवरचा एसएम५८ हातात धरायची सवय असलेले लोक असे माईक आडवे करून टोक तोंडाकडे करतात, किंवा उभा बरोबर असतो पण स्क्रू सैल होऊन हळूहळू फिरलेला असतो आणि पाठीमागून रेकॉर्डिंग चालू असतं. कार्डिऑइड, म्हणजे एटी२०२०सारखा मुख्यतः पुढून ऐकणारा, माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, त्यामुळे आवाज बारीक, लांबचा आणि खोली मात्र ठणठणीत. याच गुणाचा फायदा पण घ्या, लॅपटॉप माईकच्या बरोबर पाठीमागे ठेवा, शेजारी नाही. त्याच्या फॅनची भुणभुण बरीच कमी होते.

आता फोम. चौकोन समोरच्या भिंतीवर, म्हणजे माईकच्या पाठीमागे लावलेत. जवळपास सगळे तिथेच लावतात, कारण आपण बोलतो तिकडे आवाज जातो असं वाटतं. पण माईकचं तोंड कुणाकडे आहे? तुमच्याकडे, आणि तुमच्या मागच्या भिंतीकडे. त्या भिंतीवरून परत येणारा आवाज माईक पुढून, पूर्ण कान देऊन ऐकतो. म्हणजे आधी झाकायची ती तुमच्या पाठीमागची भिंत, मग बाजूच्या, समोरची शेवटी. आणि एक इंची फोम फक्त वरचा, चरचरीत भाग शोषतो, बोलण्याचा जो गाभा आहे त्याला तो हातही लावत नाही, म्हणून फोम भरपूर लावलेल्या खोल्या उलट जास्त कोंदट लागतात, चकाकी गेली आणि घुमारा राहिला. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर विचारूच नका, त्यांनी काही होत नाही, धूळ साठते आणि पेट घ्यायची भीती वेगळी.

काय लावायचं मग? घरात जे आहे तेच. कापसाची जुनी गादी असेल तर तिच्याइतकं चांगलं काही नाही, ती पाठीमागे उभी करा. नसेल तर कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड घ्या, त्यावर दोन जाड गोधड्या किंवा रजया दुहेरी करून टाका आणि तो स्टँड पाठीमागे अर्धवट उघडून ठेवा, म्हणजे दोन्ही खांद्यांच्या बाजूनेही आडोसा होतो. भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे ठेवा, मागे हवेची जागा राहिली की तोच कपडा खालचा आवाजही थोडा जास्त शोषतो. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर दारं उघडा आणि त्याच्याकडे पाठ करून बसा. पातळ पडद्याचा उपयोग नाही, जाडी पाहिजे, वजन पाहिजे. माईकमागे लावायची ती अर्धगोल जाळी पण मिळते, महागही असते, पण वर सांगितलं त्याच कारणाने ती एकटी पुरत नाही, तुमच्या पाठीमागे काहीच नसेल तर फरक थोडाच.

दहा बाय दहाच्या खोलीचा एक वेगळा प्रॉब्लेम आहे तो पण सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे बेडरूम त्याच मापाची असते. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये दहा फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यात अडकून उभा राहतो, त्याच्या दुप्पट ११२ आणि तिप्पट १६९ पण. खोली चौरस असली की लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तेच आकडे येतात आणि एकमेकांना जोर देतात, छतही दहा फुटांच्या आसपास असेल तर तिसरीकडूनही तेच. आता खोलीच्या बरोब्बर मध्ये माईक ठेवला तर ५६ आणि १६९ जवळजवळ गायब होतात आणि ११२ फुगतो. बायकांचा बोलण्याचा मूळ सूर साधारण १६५ च्या वर असतो, पुरुषांचा ८५ ते १८० मध्ये, म्हणजे त्याच जागी तुमचा आवाज पोकळ येईल आणि वडिलांचा ढब्ब. कोपऱ्यात बसलात तर तिन्ही सूर एकदम चढतात. म्हणून मध्य नको, कोपरा नको, भिंतीला टेकलेलं टेबल पण नको, कुठल्याही भिंतीपासून साधारण साडेतीन-चार फुटांवर माईक येईल असं बघा, आणि समोरच्या भिंतीपासूनचं अंतर नि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर सारखं येऊ देऊ नका. बेड आडवा येतो माहीत आहे, तरी एकदा टेबल फूटभर सरकवून बघा, फुकट आहे.

आणि टेबलाचं सांगायचं राहिलं. तोंडातून निघालेला आवाज थेट माईकवर जातो आणि तोच टेबलावर आपटून किंचित उशिरा परत माईकवर येतो, दोन्ही मिसळले की काही सूर कापले जातात. समजा तोंड आणि माईक दोन्ही टेबलापासून फूटभर वर आहेत. माईक ४० सेंटीमीटरवर असेल तर टेबलावरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा जेमतेम ५ डीबी खाली असतो आणि ५०० हर्ट्झच्या जरा वर खड्डा पडतो, तो बरोबर स्वरांच्या जागी. माईक १५ सेंटीमीटरवर आणला की तोच परतीचा आवाज १२ डीबी खाली जातो, खड्डा असतो पण जाणवत नाही. परत अंतरच. त्यावर टेबलावर जाड टॉवेल किंवा सतरंजीची घडी टाकली की उरलंसुरलं पण जातं. लॅपटॉपचा स्क्रीन, काचेची खिडकी, पुठ्ठ्याची फाइल हातात धरून वाचणं, हे सगळे टेबलाचेच भाऊबंद.

आता धप्प धप्प. प, फ, ब, भ म्हणताना ओठ मिटून एकदम उघडतात आणि हवेचा झोत सरळ पुढे जातो. तळहात तोंडासमोर धरून "भाकरी", "फाटक", "पंढरपूर" म्हणा, झोत कुठे लागतो ते कळेल. मराठीत फ आणि भ दोन्ही महाप्राण, झोत मोठा असतो, आणि गोष्टीत तर "भीम", "भूत", "भाऊ" सारखे येत राहतात. उपाय सोपा आहे, माईक त्या झोताच्या वाटेतून बाजूला घ्या. माईक नाकाच्या उंचीवर आणा आणि खाली तोंडाकडे वळवा, किंवा तोंडाच्या रेषेपासून थोडा डावी-उजवीकडे ठेवून तोंडाकडे फिरवा, तीसेक अंश पुरे. आवाज सगळीकडे पसरतो, झोत सरळच जातो, त्यामुळे आवाज मिळतो आणि झोत चुकतो. पॉप फिल्टर (झोत अडवायला तोंडासमोर लावायची जाळी) लावाच, पण तो माईकला चिकटवू नका, माईक आणि फिल्टरमध्ये चार बोटं जागा ठेवा, नाहीतर झोत विरायला वावच मिळत नाही. जागा बदलल्याने दुसराही एक फायदा होतो, स, श आणि दाताला लावून म्हणायचा च, "चमचा", "चाक" मधला, हे बरोबर समोरून टोचतात, थोड्या तिरप्या माईकवर मऊ होतात. चाचणीसाठी एखादं वाक्य करून ठेवा ज्यात हे सगळं येतं, मी "भाऊने फणसाच्या फोडी चमच्याने सशापुढे सारल्या" असं काहीतरी म्हणायला लावतो, अर्थाला महत्त्व नाही.

वाचनातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा म्हणजे कागद कुठे आहे. कागद मांडीवर असेल तर मान खाली जाते, गळा दाबला जातो, आवाज छातीत अडकतो. कागद बाजूला असेल तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तोंड माईककडे आणि शेवटाला दुसरीकडे, ऐकणाऱ्याला कळत नाही काय होतंय पण दर ओळीला आवाज उजळतो आणि विझतो. मजकूर डोळ्यांच्या उंचीवर, माईकच्या थोडा मागे, टॅबवर किंवा मोबाइलवर मोठ्या अक्षरात ठेवा. पानं उलटायचा आवाजही टळतो.

घुंऽऽ च्या मागे लागू आता, पण आधी ठरवा की तो हवेतून येतोय की वायरीतून. माईकवर जाड उशी दाबून धरा, आवाज कमी झाला तर तो खोलीतला आहे, तसाच राहिला तर वायरीतला. वायरीतला असेल तर पहिलं काम लॅपटॉपचा चार्जर काढा. बऱ्याच वेळा तिथेच संपतं, विशेषतः अडॅप्टरला दोनच पिना असतील तर, त्याची गळती यूएसबीतून इंटरफेसपर्यंत पोचते. तसं निघालं तर बॅटरीवर रेकॉर्ड करा. मग फॅनचा डिमरसारखा गोल फिरणारा रेग्युलेटर बंद करून बघा, मधल्या स्पीडवर तो सगळ्यात जास्त किरकिर सोडतो, काही एलईडी दिवेही तेच करतात. लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करायला जाऊ नका, अख्खी घरभर करकर असते. माईकची वायर आणि विजेची वायर शेजारी शेजारी लोळवू नका, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर आडवं ओलांडू द्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हा आवाज ५०, १००, १५० वर दिसतो, सॉफ्टवेअरमध्ये बघता येतो. आणि कुणी सांगितलं की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका म्हणजे हम, म्हणजे हा घुंऽऽ, जाईल, तर अजिबात ऐकू नका, शॉक बसू शकतो. उलट इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या बोर्डाला अर्थिंग खरंच आहे का ते बघून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला तीन भोकं असतात आणि तिसऱ्यात काहीच जोडलेलं नसतं.

खोलीतला आवाज असेल तर मुख्य आरोपी डोक्यावरचा पंखा. त्याचा नुसता आवाज नाही येत, हवा माईकवर आदळते आणि फिरणाऱ्या पात्यांवरून परतणारा आवाज तुमच्या शब्दाला थरथर लावतो, ती नंतर कशानेही जात नाही. रेकॉर्डिंगच्या आधी एसी किंवा पंख्याने खोली गार करून घ्या, मग बंद करा, वीसेक मिनिटं वाचा, थांबा, परत गार करा. मे महिन्यात याला पर्याय नाही. फ्रिज शेजारच्या भिंतीला असेल तर कॉम्प्रेसर कधी चालू-बंद होतो ते लक्षात ठेवा. वेळ रात्री दहानंतरची किंवा पहाटेची, पण पहाटे खिडकीत कबुतरं येत असतील तर रात्रच बरी.

एका घरातली गोष्ट सांगतो म्हणजे कळेल किती बारीक बघावं लागतं. तिथे प्रत्येक "ना", "णा" ला मागे एक बारीक टणत्कार यायचा, शब्द संपला तरी अर्धा सेकंद राहायचा. माईक बदलला, केबल बदलली, तेच. शेवटी मी खोलीत फिरत फिरत एकेक वस्तूवर बोटाची टिचकी मारत गेलो, आणि लोखंडी कपाटाच्या दारावर मारल्यावर तोच सूर निघाला. दार अर्धवट लागलेलं होतं, पत्रा मोकळा होता, विशिष्ट सुरावर तो सोबत वाजत होता. फटीत घडी केलेला रुमाल घालून दार दाबून बंद केलं, टणत्कार बंद. तुमच्याही खोलीत टिचकी मारत एक फेरी मारा. कपाट, खिडकीचं ग्रिल, स्टीलचे डबे, भिंतीवरची फ्रेम, आणि कोपऱ्यात तानपुरा किंवा गिटार उभी असेल तर ती बाहेर नेऊन ठेवा, तिच्या तारा तुमच्याबरोबर गातात. अंगावर सुती कपडे घाला, सिंथेटिक ओढणी हलली की सळसळ येते. बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. प्लास्टिकची खुर्ची कुरकुरते, लाकडी स्टूल बरं.

गेनबद्दल थोडक्यात. गोष्टीतला सगळ्यात मोठ्याने म्हणायचा संवाद घ्या, तो खरोखर त्या जोशात म्हणा, आणि तेव्हा मीटर (त्यावर शून्य म्हणजे आवाज फाटायची हद्द) उणे १० च्या आसपास थांबेल एवढाच गेन ठेवा. "हॅलो हॅलो चेक" म्हणून लावलेला गेन राजाच्या आरोळीला फाटतो, आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवडून रेकॉर्ड करा, मग लेव्हल कमी दिसते म्हणून घाबरायचं कारण नाही, नंतर वाढवता येते. माईकची स्वतःची सळसळ एटी२०२० मध्ये २० डीबी आहे, शहरातल्या फ्लॅटमधली रात्रीची शांतताही साधारण ३० डीबीच्या आसपास असते, म्हणजे माईकच्या आधी तुमची खोलीच ऐकू येणार. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये "एन्हान्समेंट", "नॉइज सप्रेशन", आपोआप गेन वाढवणारं जे काही असेल ते सगळं बंद करा. फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माईकला वीज देणारं इंटरफेसवरचं ते ४८ व्होल्टचं बटण, केबल जोडल्यावर चालू आणि काढायच्या आधी बंद. आणि ज्यांनी ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त किटसोबत आलेली एका बाजूला एक्सएलआर (माईकची तीन पिनांची जोडणी), दुसऱ्या बाजूला हेडफोनची पिन अशी वायर थेट लॅपटॉपला लावली असेल, त्यांनी आधी इंटरफेस घ्यावा, लॅपटॉपच्या त्या भोकातून मोजके काही व्होल्टच मिळतात, ४८ नाही, त्यामुळे आवाज कमी आणि सळसळ जास्त येणारच.

झालं का हे बघायला एक मोजमाप देतो. ऑडिबलसाठी पुस्तकं स्वीकारणाऱ्या एसीएक्सची अट अशी आहे की सरासरी आवाज उणे २३ ते उणे १८ डीबीमध्ये हवा, सगळ्यात मोठा आवाज उणे ३ च्या वर नको, आणि शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली पाहिजे. तुम्ही तिकडे देणार नसलात तरी हे तीन आकडे समोर ठेवा. तीस सेकंद गप्प बसून खोली रेकॉर्ड करा, मग वाचन सरासरी उणे २० पर्यंत आणताना जेवढं वाढवावं लागतं तेवढंच त्या शांततेलाही वाढवा आणि मीटर बघा. उणे ६० च्या वर राहिलं तर परत अंतर, जागा, पंखा, चार्जर. नॉइज रिडक्शनचं बटण दाबून तिथे पोचू नका. ते सॉफ्टवेअर श्वासासारख्या आवाजाला गोंगाट समजतं, आणि आपल्या भाषेत "म्हणाला", "न्हाली", "कोल्हा" मधला ह म्हणजे जवळपास श्वासच, जोरात लावलं की "म्हणाला"चा "मणाला" होतो. अगदी हलकं, शेवटी, गरज असेल तरच. ८० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर मात्र जरूर लावा, एटी२०२०वर त्याचं बटण नाही, सॉफ्टवेअरमध्ये लावा, रस्त्यावरच्या ट्रकची गुरगुर त्याने बरीच जाते. या माईकसोबत शॉक माउंट (धक्के शोषणारी लवचिक पकड) पण येत नाही, टेबलाला हात लागला की धक्का थेट वर जातो, त्यामुळे टेबलावरचा स्टँड सोडून जमिनीवरचा उभा स्टँड घ्या आणि त्याखाली योगा मॅटची घडी ठेवा.

पावसाळ्याचं पण सांगतो, मुंबई-ठाणे-कोकणात कंडेन्सर माईकला दमटपणा बाधतो, जुलैत एकदम चरचर, पॉपकॉर्न फुटल्यासारखे आवाज यायला लागले तर माईक मेला असं लगेच समजू नका, ओल धरलेली असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन-तीन दिवस ठेवून परत लावून बघा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरलेत, बदला किंवा तापवून सुकवा. रोजचं रेकॉर्डिंग झालं की माईक स्टँडवर उघडा ठेवू नका.

आता वडिलांची पेटी. स्कार्लेट सोलोमध्ये माईकची जागा एकच, म्हणजे गळा आणि पेटी वेगळी घेता येणार नाही, एकाच माईकने जमवायचंय, आणि जमतं. लोक माईक पेटीसमोर जमिनीलगत ठेवतात, मग पेटी डोक्यावर आणि अभंग मागे. किंवा भात्याच्या बाजूला ठेवतात, मग हवेची फसफस. पेटीचा सूर पट्ट्यांच्या बाजूने, वरून मोकळा येतो, आणि गाणाऱ्याचं तोंड त्याच्या दीड-दोन फूट वर असतं. माईक पेटीच्या वर, हनुवटीपेक्षा थोडा खाली आणा आणि तोंडाकडे वर वळवा. तोंडापासून वीत-दीड वीत. आता पेटी माईकच्या पाठीमागे आली, जिथे तो सगळ्यात कमी ऐकतो, आणि गळा समोर आला. पेटी फार दबली तर माईक किंचित आडवा करत न्या, पेटी हळूहळू वर येते. गळा-पेटीचा तोल असा माईकच्या कोनावर ठरवायचा, कारण एकदा एका ट्रॅकवर आल्यावर तो नंतर बदलता येत नाही. एक कडवं, थोडा कोन, परत तेच कडवं, असं चार-पाच वेळा करून हेडफोनवर ऐका. तानपुरा मोबाइलवर लावत असाल तर तो वडिलांच्या एका कानात हेडफोनने द्या, स्पीकरवर नको, नाहीतर तोही माईकमध्ये शिरतो. वडील खाली बसूनच गाणार, त्यामुळे खाली जाड सतरंजी आणि पाठीमागे तोच गोधड्यांचा स्टँड. माईक वर बघत असल्यामुळे छतावरून परतणारा आवाज थोडा जास्त येईल, तेव्हा बंक बेड असेल तर त्याच्या आधाराने, नाहीतर दोन उंच स्टँडवर काठी टाकून डोक्यावर एक रजई ताणता आली तर बघा. आणि पुढे कधी दोन माईकचा इंटरफेस घेतलात तर गळ्याच्या माईकपासून पेटीचा माईक निदान तिप्पट लांब ठेवा, म्हणजे गळ्याचा २० सेंटीमीटरवर असेल तर दोन माईकमध्ये ६० तरी अंतर, आणि एका ट्रॅकचा फेज उलटा करून (म्हणजे त्याची लाट खालीवर उलटवून, सॉफ्टवेअरमध्ये तसं बटण असतं) बघा, ज्या बाजूला खर्ज भरदार लागेल ती बाजू ठेवा.